दारात मागितलेलं पाणी

“देवाचं बोलावणं चुकून माझ्या दारी आलं, असं होऊ शकतं का, बाबा?”

 सुतळीचं टोक शांतवनबाबांच्या दातांत होतं.

लिंबाच्या सावलीत बाजेचा सांगाडा आडवा टाकून ते तो विणत बसले होते. एप्रिल संपत आलेला. पलीकडे रस्त्यावर ऊन नुसतं भाजत होतं.

बाबा म्हणजे रेव्हरंड शांतवन भिंगारदिवे. नगरकडच्या खेड्यांतल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये पाळक म्हणून त्यांचा जन्म गेला. आता निवृत्त होऊन ते लेकीच्या गावी, दोन खोल्यांच्या घरात राहत होते. विचारणारा प्रबोध लोंढे त्यांच्याच हाताखाली वाढलेला. त्याचा बाप्तिस्मा बाबांनी केला. सेमिनरीत, पाळकांच्या विद्यालयात, जायला बाबांनीच भरीला घातलं. पाळकपणाची दीक्षा झाली तेव्हा त्याच्या डोक्यावर ठेवलेल्या हातांत एक हात बाबांचा होता.

सेमिनरीत प्रबोध पहिला आला होता. तो उपदेशाला उभा राहिला की मोठमोठी माणसं माना डोलवायची. हे त्याला माहीत होतं. आणि त्याला हे माहीत आहे, हे बाबांना माहीत होतं.

“हे टोक धर,” बाबा म्हणाले. “ताणून धर.”

प्रबोधने धरलं.

“मी काय विचारलं, बाबा?”

“ऐकलं मी. आधी काय झालं ते सांग.”

प्रबोधने सांगितलं.

टाकळवाडीची मंडळी सांभाळायला त्याच्याकडे आली त्याला अजून वर्षही झालं नव्हतं. तिथेच पूर्वी बाबांनी बरीच वर्षं काढली होती, त्यामुळे नावं सांगावी लागली नाहीत. देवळात, म्हणजे चर्चमध्ये, भजन चालायचं तेव्हा मृदंगावर योना जगधने असायचा. हात असा की म्हातारी माणसंही ताल धरायची. पण प्यायचा. पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, वर्षातल्या सर्वांत मोठ्या सणाला, तो पिऊन आला. मृदंग वाजवला, बरा वाजवला. मग प्रभुभोजनाच्या वेळी, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस वाटतात तेव्हा, सगळ्यांबरोबर वेदीपुढे गुडघे टेकून बसला आणि त्याने हात पुढे केला.

“वास येत होता, बाबा. दोन हात लांबून येत होता.”

“मग?”

“मी भाकरीचं ताट पुढच्या माणसाकडे नेलं. आणि म्हणालो... हे प्रभूचं मेज पवित्र आहे, शुद्धीवर नसलेल्या हातांसाठी नाही.”

“हळू म्हणालास?”



“नाही.”

बाबांनी सुतळी फिरवली, गाठीखालून घेतली, ओढली.

“त्याचा हात किती वेळ तसाच होता?”

“कसा?”

“पुढे केलेला. तू ताट घेऊन गेलास. त्यानंतर तो हात किती वेळ तसाच राहिला?”

 प्रबोधने मागे वळून पाहिलंच नव्हतं.

“पाहिलं नाही, बाबा.”

“बरं.”

...

लिंबावरून वाळलेली पानं बाजेवर पडत होती. बाबा ती एकेक उचलून बाजूला टाकत होते.

“त्यानंतर तो आला नाही,” प्रबोध पुढे सांगू लागला. “मृदंग तिथेच टाकून गेला. भजनाला माणसं बसतात, पण कुणी वर आवाज काढत नाही. आणि आता त्याची आई...”

“राहेलबाई.”

“अंथरुणाला खिळलीय. डॉक्टरांनी हात टेकले. येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर निरोप धाडते, प्रभुभोजन घेतल्याशिवाय मला जायचं नाही म्हणून. मी गेलो, बाबा. भाकर, प्याला सगळं घेऊन गेलो. योना दारात आडवा उभा राहिला. म्हणाला, ज्या भाकरीत माझा वाटा नाही, ती माझ्या घरात येणार नाही.”

“पुन्हा गेलास?”

“गेलो. पुन्हा तेच.”

सुतळीचं टोक त्याच्या हातात सैल पडलं होतं. बाबांनी खुणेनं सांगितलं, ताण.

“मी चूक केली असं मला वाटत नाही,” प्रबोध म्हणाला. “पवित्र गोष्टीचं पावित्र्य पाळकाने राखायचं नाही, तर कुणी राखायचं? पण एक म्हातारी दाराच्या आत तळमळतेय आणि मी दाराच्या बाहेर उभा आहे. असला पाळक काय कामाचा? म्हणून म्हटलं, बोलावणं दुसऱ्या कुणाला असेल. मी पुण्याला बदली मागणार आहे. तिथे शिकवीन. ते मला जमतं.”

“मग माझ्याकडे कशाला आलास?”

“तुम्ही जा, बाबा. तुम्हाला तो अडवणार नाही. म्हातारीचं तेवढं होऊ द्या. भाकर आणि प्याला मी पिशवीत आणलाय.”

बाबांनी बाज तशीच टाकली. हात झटकले. खुंटीवरचं उपरणं घेऊन डोक्याला गुंडाळलं.

“चल.”

“मी नको. मला पाहून तो आणखी चिडेल. तुम्ही एकटे...”

“मला तुझी मोटारसायकल चालवता येते का रे?”

आतून बाबांच्या लेकीचा हसण्याचा आवाज आला.

*

योनाचं घर टाकळवाडीच्या टोकाला, ख्रिस्ती वस्तीत सगळ्यांत शेवटी. पुढे अंगण, अंगणाला दगडांचं गुडघाभर कुंपण. मोटारसायकल थांबली तसा योना बाहेर आला. चाळिशी ओलांडलेला, उंच, खांद्यात वाकलेला माणूस. दाढी वाढलेली. बाबांना पाहून त्याचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला.

“बाबा! सलाम, बाबा. तुमी कसं काय? या, या, आत या. माय रोज तुमचं नाव घेती.”

“सलाम, योना.”

मग त्याला गाडीपाशी उभा असलेला प्रबोध दिसला.

“तुमी या,” तो बाबांना म्हणाला. आवाज बदलला होता. “त्यांनी थितंच थांबावं.”

बाबांनी आत पाऊल टाकलं नाही. कुंपणाच्या बाहेर एक चपटा दगड होता. ते त्याच्यावर बसले.

“अहो, उन्हात कुठं बसता?”

“मी याच्याबरोबर आलोय, योना.”

“त्ये आत येनार न्हाईत.”

“मी कुठे म्हणालो यायचंय म्हणून?”

योना उभा. बाबा बसलेले. प्रबोध गाडीच्या मुठीला धरून, मान खाली घालून. घरातून बारीक कण्हण्याचा आवाज येत होता. 

प्रबोध बाबांच्या जवळ गेला, वाकला.

“बाबा, तुम्ही आत जा ना. माझ्यासाठी तिला कशाला ताटकळत ठेवता?”



“तुला तहान लागली नाही का?” बाबांनी हळूच विचारलं.

“लागलीय. पाणी आहे पिशवीत. देऊ तुम्हाला?”

“ते राहू दे.”

“मग?”

“माग.”

“काय?”

“पाणी. या घरी माग.”

प्रबोधला वाटलं, म्हाताऱ्याला ऊन लागलं.

“बाबा, मी त्यांना प्रभुभोजन द्यायला आलोय.”

“हो ना. तू सगळीकडे द्यायलाच जातोस.”

...

“इथे कधी कुणाकडे पाणी प्यालास?” बाबांनी विचारलं.

प्रबोधने आठवून पाहिलं. तो कुठेही गेला तरी स्वतःची बाटली बरोबर नेत असे. चहालाही नको म्हणत असे. लोकांना खर्चात कशाला टाकायचं, त्रास कशाला द्यायचा, असा त्याचा विचार. चांगला विचार होता. त्याचा त्याला थोडा अभिमानही होता.

“कुणाला त्रास नको म्हणून...”

“शिवाशिवीच्या काळात यांच्या आजोबांना गावात ओंजळ धरून बसावं लागायचं. वरून कुणी पाणी ओतलं तर प्यायचं. ओतणाऱ्याने आपला तांब्या लांब धरलेला असायचा.” बाबांचा आवाज चढला नाही. “आणि आता यांचा स्वतःचा पाळक घरी येतो, तो आपली बाटली घेऊन. लोक काय समजत असतील, प्रबोध?”

 हे प्रबोधच्या कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. त्याचे स्वतःचे आजोबाही तसेच ओंजळ धरून प्यालेले होते.

तो सरळ उभा राहिला. कुंपणापर्यंत गेला. 

“योना...” तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, “योनादादा, पाणी देता का?”

योनाने त्याच्या पिशवीकडे पाहिलं.

“मला प्यायला पाणी पाहिजे होतं.”

योनाने बाबांकडे पाहिलं. बाबा चपलेतला खडा काढत होते.

आतून कण्हणं थांबलं.

“कोन हाय रं?” म्हातारीचा आवाज आला. खोल गेलेला, पण स्पष्ट.



“योना... पानी कोन मागतंय?”

“पाळकसायब हायेत, माय.”

“मंग उभा काय ऱ्हायलास? दे की.”

योना आत गेला. बराच वेळ लागला त्याला. बाहेर आला तेव्हा एका हातात तांब्या होता, दुसऱ्यात पेला. आणि पेल्याची कड तांब्याला लागून सारखी किणकिणत होती. त्याचे दोन्ही हात थरथरत होते. पेल्यात ओतू गेला, तर पाणी अंगणात सांडलं.

प्रबोध कुंपण ओलांडून कधी आत गेला, त्याचं त्यालाच कळलं नाही. त्याने खालून पेल्याला हात लावला. आता पेला दोघांच्या हातांत होता.

“पिऊन न्हाई थरथरत, सायब,” योना खाली बघत म्हणाला. “न्हाई प्यालो म्हून थरथरतंय.”

 प्रबोध पाणी प्याला. माठातलं गार पाणी, मातीचा वास असलेलं. सगळं प्याला.

“आनखी देऊ?”

“द्या.”

दुसरा पेला सावकाश भरला. या वेळी कमी सांडलं.

“कधीपासून?” प्रबोधने विचारलं.

“मायला धरून उठवावं लागतं. रातीचं पानी पाजावं लागतं. हात भरवशाचा पायजे. म्हून सोडली.” योनाने तांब्या खाली ठेवला. “सोडली म्हंजी... सध्या घेत न्हाई. पुढचं मी सांगत न्हाई.”

“आणि त्या दिवशी? सणाच्या दिवशी?”

“त्याच्या आदल्या सांच्याला डागदर म्हनला, घरी न्या, आता काई व्हायचं न्हाई.” योनाने सांडलेल्या पाण्यावर पायाने माती ओढली. “मला वाटलं, देवळात तरी जावं. कोरडं जायचा धीर झाला न्हाई.”

प्रबोधने डोळे मिटले.

त्याला तो हात दिसला. मागे वळून न पाहिलेला. पुढे केलेला, रिकामा, किती वेळ कुणास ठाऊक.

“दादा, मी तुम्हाला बाजूला घेऊन विचारायला पाहिजे होतं,” तो म्हणाला. “सगळ्यांच्या देखत बोललो. माझं चुकलं.”

“प्यालो व्हतो ते काई खोटं न्हाई.”

“खोटं नाही. पण मी वास तेवढा घेतला. तुमच्याकडे पाहिलं नाही.”

योनाने खांद्यावरच्या उपरण्याने तोंड पुसलं. नाक ओढलं. मग कुंपणाबाहेर बसलेल्या बाबांना हाक मारली,

“आता तरी उठा की, बाबा. दगड तापलाय त्यो.”

“तापलाय खरा,” बाबा म्हणाले आणि गुडघ्यांवर हात टेकून उठले.

*

आत अंधुक उजेड होता. राहेलबाई भिंतीला लागून टाकलेल्या अंथरुणावर होती. अंगाचं चिपाड झालेलं, पण केस नीट विंचरून चापून बसवलेले. ते योनानेच विंचरले असणार, हे भांगाच्या वाकडेपणावरून कळत होतं.

“आलास, लेकरा,” ती प्रबोधला म्हणाली. “लई येळ लावलास.”

“हो, आजी.”

“तू पुन्याला चालला म्हंत्यात.”

“कोण म्हणतं?”

“समदा गाव म्हंतो.”

प्रबोधने पिशवीतून पांढरं फडकं काढलं, पाटावर अंथरलं. त्यावर भाकर ठेवली, प्याला ठेवला.

“नाही, आजी,” तो म्हणाला. “इथेच आहे.”

दाराजवळ भिंतीला टेकून बसलेल्या बाबांनी वर पाहिलं नाही.

प्रबोधने प्रार्थना केली. त्याच्या प्रार्थना नेहमी लांब असत. ही अगदी लहान झाली. भाकर मोडून त्याने एक तुकडा म्हातारीच्या ओठांशी नेला.

तिने तोंड उघडलं नाही.

“योना कुठंय?”

“दारात आहे.”

“त्याला आत घे.”

...

प्रबोधचा हात हवेतच राहिला.

मंडळीचा नियम त्याला पाठ होता. ज्याला मेजापासून दूर ठेवलं, त्याने आधी मंडळीच्या वडीलजनांसमोर पश्चात्ताप करायचा, मग त्याला परत घ्यायचं. नियम काही वाईट नव्हता. त्याने तो शिकवलाही होता.

त्याने बाबांकडे पाहिलं. बाबांनी डोळे मिटून घेतले होते. झोपलेत की काय, असं वाटावं इतके शांत.

म्हातारी वाट बघत होती. तिला घाई नव्हती. पण तिच्याकडे वेळही नव्हता.

“योनादादा,” प्रबोधने हाक मारली. “या. इथे बसा.”

योना उंबऱ्यात उभा होता. त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले.

“माझं राहू द्या, सायब. मायला द्या.”

“ती तुमच्याबरोबर घेणार आहे.”

“हात थरथरतोय. सांडंल माझ्याकडून. पवित्र असतंय ते.”

प्रबोध उठला. त्याने योनाच्या पाठीमागचे हात स्वतःच्या हातांनी पुढे आणले, एखाद्याला घरात आणावं तसे. त्याला अंथरुणाशेजारी बसवलं. भाकरीचा एक तुकडा आईच्या ओठांशी नेला, तिने घेतला. दुसरा लेकाच्या तळहातावर ठेवला. योना त्या तुकड्याकडे बघत बसला, मग त्याने तो तोंडात टाकला आणि त्याचे खांदे हलू लागले.

प्याल्यातला घोट आधी आईला दिला. मग प्याला योनाच्या ओठांशी नेताना व्हायचं तेच झालं. योनाच्या हाताला हिसका बसला आणि द्राक्षारस प्रबोधच्या पांढऱ्या शर्टावर उडाला. बाहीवर मनगटापासून कोपरापर्यंत लाल ओघळ गेला.

योना दचकून मागे सरला.

“मी म्हनलो व्हतो...”

“आहे अजून,” प्रबोध म्हणाला. “घ्या.”

आणि त्याने प्याला पुन्हा पुढे केला.

राहेलबाईचं एक बोट चटईवर हळूहळू वाजत होतं. ताल होता त्याला. तिच्या ओठांतून एका जुन्या भजनाची चाल आली, शब्द नव्हते, नुसती चाल. योनाने डोळे पुसले आणि बसल्या जागी मांडीवर बोटं टाकली. तो वाजवायला लागला तसा त्याचा हात थरथरायचा थांबला. प्रबोधला गाता येत नव्हतं. तो कधी गायचा नाही, सूर चुकेल म्हणून. तोही गायला. सूर चुकला, आणि कुणाला काही वाटलं नाही.

चाल संपायच्या आधीच म्हातारीचा डोळा लागला. श्वास चालू होता, संथ. मघाचं कण्हणं आता नव्हतं.

*

ते बाहेर आले तेव्हा उन्हं कलली होती. वस्तीतल्या दोघीचौघी आपापल्या दारांत येऊन उभ्या होत्या. पाळकसाहेबांच्या लाल झालेल्या बाहीकडे त्या बघत होत्या. प्रबोधने बाही दुमडली नाही. एकीने विचारलं, “सायब, च्या घेता का?” त्याच्या तोंडावर ‘नको’ आलं होतं. ते गिळून तो म्हणाला, “घेतो की.” मग उभ्या उभ्या त्याने बशीतून चहा प्याला. बाबांनी पण घेतला, आणि साखर जास्त झाली म्हणून सांगितलं. त्यावर ती बाई तोंडाला पदर लावून हसली.

गाडी चालू करायच्या वेळी योना कुंपणापाशी आला.

“सायब, रविवारी येऊ का?”

“या. भजन तुमच्यावाचून अडलंय.”

योनाने मान हलवली. पण तो गेला नाही. कुंपणाचा एक दगड हलत होता, तो बसवत राहिला.

“एक इचारू?”

“विचारा.”

“माझं मला ठावं हाय. सोडली म्हून तुमच्या म्होरं शपथ घिईन, आन उद्या मोडंल. माय गेली की काय व्हईल, सांगता येत न्हाई.” त्याने मान वर केली. “एखाद्या रविवारी प्यालेला असलो तर?”

प्रबोधने तोंड उघडलं.

या प्रश्नावर त्याने एकदा तासभर भाषण दिलं होतं. शिस्त म्हणजे काय, दया म्हणजे काय, दोन्हींच्या सीमा कुठे. लोकांनी वाखाणलं होतं. त्यातलं एकही वाक्य त्याला आता आठवेना. ये म्हणावं तर त्या मेजाचं काय? नको म्हणावं तर या माणसाचं काय?

योना वाट बघत होता.

दारांत उभ्या असलेल्या बायाही वाट बघत होत्या.

प्रबोधने मागे वळून पाहिलं. बाबा मोटारसायकलवर मागे बसले होते, उपरणं कानांवरून घट्ट गुंडाळून घेत होते. त्यांनी गाठ मारली. नीट बसली की नाही ते चाचपलं. मग योनाकडे पाहिलं.

“त्या रविवारी,” बाबा म्हणाले, “मंडळी जमायच्या आधी, जरा लवकर ये.”